काकड्याच्या वेळेचं गाणं : उतारवयातल्या गायक-कवीचा नवा अल्बम तुम्ही कुठे, कसा ऐकलात?

हिंगोली (धागा सुरू करताना)

अमेरिकेचे गायक-कवी पॉल सायमन यांचा ‘सेव्हन साम्स’ हा अल्बम १९ मे २०२३ ला आला, तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. मी तो त्याच उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणात पडून ऐकला. लाईट गेलेली, डास उठलेले, पहाटेचे चार वाजलेले. झोप येणार नव्हती म्हणून लावला आणि शेवटपर्यंत हललो नाही.

त्यामागची हकीकत नंतर वाचली. आर्ट गारफंकेल यांच्या जोडीनं विशीतच जगभर पोचलेला हा माणूस. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जिथं लहानाचा मोठा झाला तिथंच, त्यानं निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम केला. मग १५ जानेवारी २०१९ च्या रात्री स्वप्न पडलं की तू ‘सेव्हन साम्स’ नावाचं काहीतरी रचतो आहेस. साम्स म्हणजे स्तोत्रं. उठून त्यानं ते लिहून ठेवलं. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे साडेतीन ते पाचच्या दरम्यान जाग यायची आणि शब्द सुचायचे.

नर्सी नामदेव आमच्या अगदी जवळ. नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन स्वप्नात आले आणि कविता कर म्हणाले, हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलंय. मी लहानपणी कार्तिकात आजोबांच्या घोंगडीत शिरून काकड्याला जायचो. त्यामुळे साडेतीन ते पाच या वेळेत काय घडू शकतं, ते मला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही. या म्हाताऱ्यानं इंग्रजीत काकडा लावलाय, असंच मला त्या गच्चीवर वाटलं. आजही तसंच वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. सायमनच पाहिजेत असं नाही. ज्यानं आयुष्यभर स्वतः लिहिलं, स्वतः गायलं, त्याचं उतारवयातलं नवं गाणं तुमच्यापर्यंत कसं आलं, एवढंच सांगा.

परभणी

एक सांगणं आहे. हा अल्बम तुकड्यातुकड्यानं ऐकू नका. सात भाग असले तरी मध्ये थांबा नाही, ३३ मिनिटांचा एकच सलग ट्रॅक आहे. मी परभणीहून पूर्ण्याला जाताना रेल्वेत लावते, गाव येता येता संपतो.

गंगाखेड

आमचं गाव जनाबाईचं. म्हणून असेल, पण अल्बम म्हटलं की मला माझी आजीच दिसते.

आजी ७९ वर्षांची आहे. दळण गिरणीवर जाऊ लागलं तसं जातं अंगणात पालथं पडलं आणि आजीच्या ओव्याही थांबल्या, असं आम्ही धरून चाललो होतो. मागच्या पावसाळ्यात मी तिच्या शेजारी शेंगा फोडत बसले होते. ती हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होती. मला वाटलं जुनंच असेल. नीट ऐकलं तर त्यात बोअर आटल्याचं होतं, पुण्याला गेलेल्या माझ्या भावाचं होतं, एसटीचं तिकीट अर्धं झाल्याचंही होतं. म्हटलं, “आजी, ही कुणाची?” तर म्हणाली, “कुणाची म्हणजे? आत्ताच झाली.”

त्या दिवसापासून मोबाईलवर रेकॉर्ड करायलेय. ४६ ओव्या झाल्या. तिला तो फोन आवडत नाही, पण एक ओवी तिनं फोनावरच केली :

जातं गेलं अडगळीला, खुंटा त्याचा ढिला झाला
नातीच्या गं फोनामंदी, गळा माझा जपियला

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यात आमच्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायांच्याही आहेत. ते काम पाहिल्यावर मला कळलं की हे नुसतं नाव-गाव लिहून भागत नाही. कोणती ओवी कधी सुचली, तेव्हा ती काय करत होती, हेही मी आता लिहून ठेवते. तुमच्या घरी असं कुणी असेल तर आजच बसा त्यांच्याजवळ. उद्यावर टाकू नका.

लातूर

२०१६. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. आम्ही घागरी घेऊन रांगेत उभं राहून ते वर्ष काढलं. पावसाळ्याच्या शेवटी मात्र इतका पडला की नदी-नाले फुटून वाहिले. त्याच ऑक्टोबरात कॅनडाचे गायक-कवी लेनर्ड कोहेन यांचा ‘यू वॉन्ट इट डार्कर’ हा अल्बम आला. वय ८२, पाठीच्या मणक्यांनी जेरीला आणलेलं. घरातच खुर्चीत बसून गायले आणि काम मुलानं, अ‍ॅडमनं, तडीस नेलं. ७ नोव्हेंबरला ते गेले. अल्बम येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्या आवाजात गळा असा उरलाच नव्हता, नुसता खर्ज होता. विहिरीला पाणी लागलं की खालून जो आवाज येतो, तो मला त्यात ऐकू आला. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

नांदेड

हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

अण्णा एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत गेले. खाट मिळेपर्यंत रात्र गेली आणि मिळाली तेव्हा उशीर झाला होता. शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी मित्रानं ‘सेव्हन साम्स’ पाठवला. सुरुवातीलाच देव म्हणजे काय काय, ते येतं. पायाखालची धरती देव, गरिबाच्या पोटातला घास देव. इथपर्यंत मी डोळे मिटून ऐकत होतो. मग तो म्हणतो, कोविडचा विषाणूही देव, चढत येणारा समुद्रही देव. मी बंद केलं. खरं सांगतो, त्या माणसाचा रागच आला. न्यूयॉर्कच्या बाजूला बसून हे म्हणायला काय जातं, असं वाटलं.

पाच-सहा महिन्यांनी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा लावला. माय गहू निवडत होती. म्हणाली, “काय ऐकू लालास रे? कोण रडू लालंय का?” मी म्हटलं, रडत नाही, गातोय. तिला अर्थ सांगितला, ती ओळही सांगितली. मला वाटलं ती चिडेल. तिनं विचारलं, “किती वय हाय त्या बाबाचं?” म्हटलं, ८२ लागलं. थोड्या वेळानं म्हणाली, “मग त्यानंबी लई माणसं पोचवली आसतील. बोलू दे त्याला.”

मी बोलू दिलं. अजूनही ती ओळ आली की छातीत कळ येते. पण आता बंद करत नाही.

अंबाजोगाई

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, वय ६६. चार वर्षांपूर्वी डावा कान गेला. हा अल्बम करताना सायमन यांचाही डावाच कान अचानक गेला, हे कळल्यावर मी तो आवर्जून ऐकला.

ज्यांना एकाच कानानं ऐकू येतं त्यांच्यासाठी लिहितो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते चालू करा. नाहीतर डावीकडचा आवाज तुमच्यापर्यंत येतच नाही आणि अर्धं गाणंच ऐकता. मला हे नातवानं दाखवलं. तोपर्यंत मला वाटायचं, यात गिटारशिवाय काही नाहीच. मग एकदम घंटेसारखा नाद आला, दुरून, देवळाच्या मागून आल्यासारखा. हॅरी पार्च नावाच्या संगीतकारानं बनवलेली काचेची मोठी भांडी आहेत ती, टांगून वाजवतात.

आमच्या दासोपंतांनी लिहायला पासोडी घेतली, लांबच लांब कापड, पान उलटायचं कामच नाही. हा अल्बम मला तसा वाटतो. एक धून जाते, मध्येच ध्रुवपदासारखी परत येते, आणि कुठं शिवण दिसत नाही.

शेवटच्या भागात त्यांची पत्नी ईडी ब्रिकेल सोबत गाते. कान गेल्यावर पट्टी सांभाळणं किती अवघड असतं, ते मला ठाऊक आहे. आपण सुरात आहोत की नाही, याची खात्री राहत नाही. त्या दोघांचा आवाज मिळून ‘आमेन’वर येतो तिथं मी परत मागं जाऊन ऐकतो.

आमच्याकडं गुरुवारी भजन असतं. टाळकरी आता माझ्या उजवीकडं बसतात.