चिप आधी, मग लस

कुत्रा-मांजर भारतातून जर्मनीला न्यायचं तर लसीचं पुस्तक पूर्ण असलं की महिन्याभरात काम होतं, असं कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. भारतासाठी युरोपीय संघाला रेबीजची टायटर चाचणी (लसीनं रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झालीत का, ते पाहणारी) लागते: लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं, ते तपासायचं त्यांच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये, आणि रक्त घेतल्यापासून पुढे 3 महिने थांबायचं. म्हणजे मुंबईतून निघायला चार महिने धराच.

चिपचा, म्हणजे ओळखीसाठी प्राण्याच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपचा, मुद्दा कुणी काढलाच नाही. ती लसीच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी बसलेली हवी. बहिणीच्या बोक्याची लस चिपच्या आधीची निघाली. औषध तेच, बोका तोच, पण युरोपच्या लेखी लसच नाही. पुन्हा टोचली बिचाऱ्याला! चिपचा 15 अंकी स्टिकर पुस्तकात लावून घ्या आणि डॉक्टरांना समोर स्कॅनर फिरवून आकडा जुळवायला लावा.