अल्ट्रेडियन आणि इन्फ्रेडियन: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
नर्सिंगच्या एका पाठ्यपुस्तकाचा मराठी अनुवाद तपासते आहे. शरीराच्या सर्केडियन लयीला ‘दैनिक लय’ म्हटलंय, ते पटलं. पण अल्ट्रेडियनला ‘अतिदैनिक’ आणि इन्फ्रेडियनला ‘अवदैनिक’ केलंय. अतिदैनिक म्हटल्यावर दिवसाहून मोठं काहीतरी असणार असं वाटतं, आणि पुढे उदाहरण झोपेतल्या ९० मिनिटांच्या चक्राचं! शब्द चुकलाय की उदाहरण?

प्रतिसाद:
ताई, उदाहरण बरोबर आहे आणि शब्दही लॅटिनला धरूनच आहे. घोटाळा लॅटिनमधूनच आलाय. फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ साली ‘सर्केडियन’ शब्द घडवला. सर्का म्हणजे सुमारे, दिएस म्हणजे दिवस. बाकीच्या दोन शब्दांत मोजमाप वारंवारितेचं आहे, कालावधीचं नाही. दिवसात एकाहून जास्त वेळा होतं ते अल्ट्रा, त्याहून कमी वेळा होतं ते इन्फ्रा. अल्ट्रासाउंड आणि इन्फ्रासाउंडमध्येही हाच हिशेब आहे. म्हणजे अल्ट्रेडियन लय लहान आणि इन्फ्रेडियन मोठी. इंग्रजीतून शिकणारी मुलंसुद्धा इथे हमखास अडखळतात. तीच अडचण आपण मराठीत मुद्दाम कशाला आणायची? कालावधीवरून नाव द्यावं: ‘दिनांतर्गत लय’ आणि ‘बहुदिवसीय लय’. शब्द वाचताक्षणी अर्थ कळतो.

आणखी एक. त्या पुस्तकात लय, चक्र, फेरी हे शब्द एकाच अर्थाने वापरले असतील तर वेगळे करा. पुन्हा पुन्हा घडण्याचा सगळा नमुना म्हणजे लय. तिची एक फेरी म्हणजे आवर्तन. तबल्यात समेपासून समेपर्यंतचं ते आवर्तन, आणि कालव्याला पाणी सुटतं तेही आवर्तनच. रात्रीत झोपेची चार ते सहा आवर्तनं होतात, हे वाक्य कुठल्याही विद्यार्थिनीला समजावून सांगावं लागणार नाही. नवजात बाळाचं आवर्तन मात्र लहान असतं, तासाभराच्या आतबाहेर.

प्रतिसाद:
बहुदिवसीयपेक्षा आपला ‘पाळी’ शब्द काय वाईट? पाणीपाळी, रात्रपाळी, पाळीचा ताप. ठरावीक वेळाने परत येणारं ते पाळी.

प्रतिसाद:
शब्द सुंदर आहे, पण शरीराच्या संदर्भात आता तो मासिक पाळीसाठीच राखून ठेवल्यासारखा झालाय. तो तिथेच राहू द्या. पाळीच्या तापाचं उदाहरणही या यादीत नको. व्हायवॅक्स मलेरियाचा ताप ४८ तासांनी येतो, मलेरियाई प्रकाराचा ७२ तासांनी. आयुर्वेदात त्यांना तृतीयक आणि चतुर्थक म्हटलंय, कारण ताप आलेला दिवसही मोजणीत धरला आहे. पण त्या वेळा परजीवीच्या आहेत. तांबड्या पेशींत वाढलेले परजीवी एकदमच पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा थंडी वाजून ताप भरतो. आपल्या शरीराची ती लय नव्हे.

प्रश्नकर्ती:
‘दिनांतर्गत’ घेते. पण पुस्तकात या दोन लयींची दोन वेगळी प्रकरणं आहेत. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो का?

प्रतिसाद:
चांगलाच असतो, आणि तो सांगितला नाही तर मोठं नुकसान होईल. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक सुटतं, आणि ते पिट्युटरी ग्रंथीला प्रजननाची संप्रेरकं सोडायला लावतं. पण ते सलग पाझरत नाही, ठोक्याठोक्याने सुटतं. या प्रत्येक ठोक्याला ‘स्पंद’ म्हणा. अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीसस माकडांवर केलेलं काम १९७८ साली प्रसिद्ध झालं. ज्या माकडांचं स्वतःचं जीएनआरएच थांबलं होतं, त्यांना ते तासातून सहा मिनिटं दिलं, तेव्हा पिट्युटरी ग्रंथी पुन्हा कामाला लागली. तेच सलग देत राहिले, तर ती गप्प पडली. संदेश संप्रेरकाच्या मात्रेत जितका आहे तितकाच दोन स्पंदांमधल्या रिकाम्या वेळातही आहे! प्रोस्टेटच्या कर्करोगात या संप्रेरकासारखी दीर्घकाळ टिकणारी औषधं देतात ती याच तत्त्वावर. सततच्या माऱ्याने ग्रंथी शांत होते आणि टेस्टोस्टेरॉन उतरतं.

आता संबंध बघा. पाळीच्या पूर्वार्धात हे स्पंद तास-दीड तासाने येतात, बीजोत्सर्गानंतर तीन-चार तासांवर जातात. म्हणजे महिन्याच्या लयीला चालवणारी लय तासाभराची आहे. त्या दोन प्रकरणांच्या मध्ये हा परिच्छेद नक्की घाला.

प्रतिसाद:
दिनांतर्गत लयीत नाकपुड्यांचं उदाहरणही घ्या. एका नाकपुडीच्या आतलं अस्तर सुजतं, दुसरीचं ओसरतं, आणि काही तासांनी उलट होतं. रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. आपल्याकडे शिवस्वरोदय या जुन्या ग्रंथात चंद्रस्वर-सूर्यस्वरांची, म्हणजे डाव्या-उजव्या नाकपुडीतल्या श्वासाची, अदलाबदल अडीच घटकांनी, म्हणजे तासाने, सांगितली आहे. मोजमाप करताना एवढी बांधीव वेळ सापडत नाही, माणसागणिक ती बदलते. पण ‘स्वर बदलणं’ हा वाक्प्रयोग वापरण्यासारखा आहे.

प्रश्नकर्ती:
मग उदाहरणाचं वाक्य असं करते: ‘मासिक पाळी ही २८ दिवसांची बहुदिवसीय लय आहे.’

प्रतिसाद:
त्यातले २८ दिवस काढा. प्रौढ स्त्रीमध्ये २१ ते ३५ दिवसांचं आवर्तन सर्वसाधारण समजलं जातं, आणि पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं ४५ दिवसांपर्यंतही जातं. उद्या याच विद्यार्थिनी शाळांमधून मुलींशी बोलणार आहेत. तारीख पुढेमागे झाली म्हणून एखादी मुलगी उगाच घाबरायला नको.