जुलाब थांबवायची गोळी किती वेळा दिलेली चालते?

मुक्ता२१:
बाबांना (वय ६८) काल रात्रीपासून जुलाब होतायत, अगदी पाण्यासारखे. ताप नाही, रक्त किंवा आव नाही, मधूनमधून पोटात मुरडा येतो. घरात लोपरामाइड २ मिग्रॅ होती, त्यातल्या दोन गोळ्या सकाळी घेतल्या, तासाभरात परत जाऊन आले आणि आता म्हणतायत ही गोळी लागूच पडत नाही, अजून दोन दे. मी अडवून ठेवलंय. बीपीची गोळी रोजची आहे, शिवाय जळजळ होते म्हणून ॲसिडिटीचं पातळ औषध ते मनाला येईल तेव्हा पितात. अजून गोळी दिली तर चालेल का, की सरळ ॲंटिबायोटिक आणू?

औषधवाला_दादा:
ताई, अडवलंत ते बरं केलंत. मी फार्मासिस्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोठ्या माणसाला सुरुवातीला दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ जुलाबानंतर एकच, आणि स्वतःच्या मनाने घेताना दिवसाला जास्तीत जास्त ८ मिग्रॅ म्हणजे चार गोळ्या, तेही फक्त दोन दिवस. गोळीला असर दाखवायला वेळ लागतो, तासाभरात जुलाब थांबला नाही म्हणून लोक डबल घेतात तिथेच घोळ होतो, कारण जास्त डोसने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये तशी वॉर्निंगच दिली होती. हृदयाच्या ठोक्यांसाठी काही औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही देऊ नका. आणि जुलाबात रक्त दिसलं, जास्त ताप आला किंवा पोट फुगलं तर ही गोळी लगेच बंद, कारण ती आतड्याची हालचाल मंदावते आणि जे बाहेर पडायला हवं ते आतच अडकतं. नुकताच ॲंटिबायोटिकचा कोर्स होऊन त्यानंतर जुलाब लागले असतील तरी घ्यायची नाही.
अजून एक, त्या ॲसिडिटीच्या बाटलीचं लेबल वाचा. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं असेल तर त्यानेही जुलाब वाढतात, बरं वाटेपर्यंत ती बाटली बाजूला ठेवा.

सई_आई:
गोळीचं वर आलंच आहे पण मला खरी काळजी पाण्याची वाटते, मुक्ता, तू ओआरएसचं काहीच लिहिलं नाहीस ग! गोळीने जुलाब कमी होतील पण अंगातलं गेलेलं पाणी आणि मीठ काही ती भरून काढत नाही, आणि माणूस गळून जातो तो त्यानेच. १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन कमी पडायला लागलं तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजून मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आणलं, एवढी ताकद आहे या साध्या पाण्यात. ग्लुकोजबरोबर मीठ आतड्यातून शोषलं जातं आणि त्यामागे पाणी, म्हणून प्रमाण महत्त्वाचं. पाकिटावर २०० मिली लिहिलंय की १ लिटर ते बघून तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट टाक, कमी पाण्यात घट्ट करू नकोस, वरून साखर नको. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्याचमच्याने. कोल्ड्रिंक अजिबात नको, जास्त साखरेने जुलाब वाढतात.
आणि घरात लहान मुलं असतील तर लोपरामाइडची पट्टी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस, लहान मुलांना ती आपल्या मनाने द्यायचीच नसते. त्यांना ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक, ते १० ते १४ दिवस पूर्ण द्यायचं, जुलाब थांबले तरी.

निखिल_के:
ॲंटिबायोटिक मनाने आणू नका प्लीज. असे बरेचसे जुलाब व्हायरसमुळे असतात आणि व्हायरसवर ॲंटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, उलट त्याने पोट अजून बिघडू शकतं. अंगदुखीला आयबुप्रोफेन पण टाळा, पाणी कमी झालेलं असताना किडनीवर ताण येतो.

मुक्ता२१:
थँक्यू सगळ्यांना, बाटलीवर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आहे खरंच! ओआरएस चालू केलंय, घोट घोट पितायत. बीपीची गोळी उद्या द्यायची की नाही?

औषधवाला_दादा:
ते आजच डॉक्टरांना फोन करून विचारा, आपल्या मनाने बंदही करू नका आणि देऊही नका. काही गोळ्यांनी लघवी वाटे अजून पाणी जातं, तर काहींनी पाणी कमी असताना किडनीला त्रास होतो, म्हणून गोळीचं नाव आणि डोस वाचून सांगा. लघवी किती वेळा होतेय त्यावर लक्ष ठेवा. सहा-आठ तासांत झालीच नाही, उठताना चक्कर आली, बोलण्यात गोंधळ वाटला किंवा पाणी पोटात ठरेना, तर फोनची वाट न बघता सरळ दवाखान्यात न्या. बनवलेलं ओआरएस २४ तासांनी टाकून नवीन बनवा.