विमान बदलायचं की विमानातली पेटी?

चिकलठाणकर
२०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसासाठी आपल्या विमानतळावरून उडायचं ते किंग एअर नावाचं छोटं विमान आठवतंय का? पाऊस किती पडला ते सोडा. त्याच घराण्यातल्या विमानात यंत्रं बसवून अमेरिकी लष्कराने गार्डरेल नावाखाली कित्येक दशकं शत्रूचे रेडिओ ऐकले. आता ते ग्लोबल ६५०० हे बिझनेस जेट घेऊन हेडिस नावाची असंच ऐकणारी नवी प्रणाली उभी करायलेत. लगेच आपल्याकडे सुरू, ‘आपणही मोठं जेट घ्या!’ मला हे पटत नाही. आजचे लष्करी रेडिओ सेकंदाला शेकडो वेळा फ्रिक्वेन्सी बदलतात. जुना रिसीव्हर, म्हणजे विमानातली ऐकणारी पेटी, तिथं बहिरा. सॉफ्टवेअरवर चालणारा बसवला, तर नवा सिग्नल ओळखायला नवं विमान लागत नाही.

बांधावरून
मी म्हणतो, त्यात माणसं बसवायचीच कशाला? १ एप्रिल २००१ ला अमेरिकेच्या ईपी-३ या हेरगिरीच्या विमानाची चिनी लढाऊ विमानाशी टक्कर झाली. चिनी वैमानिक गेला, इकडचे २४ जण हैनान बेटावर ११ दिवस अडकले, वर गुप्त यंत्रं चीनच्या हाती. आपला एमिसॅट हा टेहळणी उपग्रह सोडला तोही १ एप्रिललाच, २०१९ मध्ये. (तारीख काय निवडतात!) त्याला कोण धडकणार? वरून शत्रूच्या रडारचे सिग्नल टिपतोच की.

जुना सिग्नलमन
टिपतो, पण किती वेळ? साडेसातशे किलोमीटरवरून जाणारा उपग्रह एका ठिकाणावरून दहा-बारा मिनिटांत पार होतो. थ्री फेज कधी येणार ते माहीत असलं की आपण मोटार त्याच वेळेला लावतो ना? शत्रूही उपग्रहाची वेळ बघून रडार बंद ठेवतो. विमान तासन् तास घिरट्या घालतं.

आणि चिकलठाणकर, उंचीचं काय? ३० हजार फुटांवरून जमिनीवरचा रेडिओ फार तर ३९०-३९५ किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, ४५ हजारांवरून ४८० च्या आसपास. सीमेपासून तेवढं मागं राहता येतं. शिवाय यंत्रांना वीज लागते, थंडावा लागतो. छोट्या विमानात कुठून आणणार?

उदगीरची लेक
ऐकलं, पण समजलं का? आमच्या बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच दुकानात चालतात, तरी अर्धं बोलणं आडत्यालाच कळतं. सीमेपलीकडची बोली येणारी माणसं किती आहेत? जेटच्या चर्चेत हा खर्च कुणी धरायलाच तयार नाही.

बांधावरून
ताई, आता सगळं बोलणं सांकेतिक असतंय. बोली येऊन काय उपयोग?

जुना सिग्नलमन
शब्द नाही कळाला तरी कोण कुठून बोलतोय, किती वेळा, कालपर्यंत गप्प असलेला सेट आज का बडबडतोय, यावरून तुकडी हलल्याचं कळतं. पण ताईंचंही खरं. घाईत, चिडून माणूस उघड्यावर बोलतोच, आणि नेमकं तेव्हाच बोली जाणणारा लागतो.

चिकलठाणकर
उंचीचं मान्य. विजेचंही. पण ४५ हजार फुटांवर जुनीच पेटी नेली तर लांबून बहिरं राहणार, एवढंच.

बांधावरून
म्हणजे आता जेट पण पाहिजे, पेटी पण, माणसं पण! आणि मी खर्च कमी करायला आलतो.