लंडन, सात माणसं, तीन पिढ्या : सासूबाईंचे गुडघे सांभाळून कसं फिरावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही सात जण आठ दिवसांसाठी लंडनला निघालोय. माझी आई (७१), सासूबाई (७४), सासरे (७९, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो), आम्ही दोघं, लेक १३ वर्षांची आणि मुलगा ६ वर्षांचा. व्हिसा झाले, विमानाची तिकिटं झाली. काय काय बघायचं याची यादीही तयार आहे. अडलंय ते सासूबाईंच्या गुडघ्यांपाशी.

त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, पण त्या बोलून दाखवत नाहीत. जिना उतरताना कठडा घट्ट धरतात, आधी उजवा पाय खाली, मग डावा त्याच पायरीवर, आणि तेवढ्यात एखादा विषय काढतात, म्हणजे आपलं लक्ष पायांकडे जाऊ नये. तीन वर्षांपूर्वी एका टूर कंपनीबरोबर आम्ही परदेशात गेलो होतो. बस थांबली की गाइड झेंडा उंच करून चालू पडायचा. पहिल्या दिवशी सासूबाई सगळ्यांच्या मागे राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी म्हणायला लागल्या, "तुम्ही या बघून, मी पिशव्या सांभाळते." परत आल्यावर नातीने विचारलं, "आजी, राजवाडा आवडला का गं?" तर म्हणाल्या, "बाहेरचं झाड फार छान होतं." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून या वेळी टूर घेतलेली नाही, सगळं स्वतःच ठरवतेय. चार ठिकाणं कमी झाली तरी चालतील, पण त्यांना बाकावर बसवून पुढे जायचं नाही.

आतापर्यंत जे शोधलंय ते सांगते, चुकत असेन तर सुधारा.

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालची, त्यामुळे बऱ्याच स्टेशनांवर लिफ्टच नाहीत. एकही पायरी न चढता जाता येईल अशी स्टेशनं साधारण एक तृतीयांश आहेत. नकाशावर व्हीलचेअरची खूण असते, ती दोन प्रकारची आहे हे मला परवाच कळलं. निळ्या गोलात पांढरी खुर्ची असेल तर रस्त्यापासून थेट डब्यात शिरेपर्यंत पायरी नाही. पांढऱ्या गोलात निळी असेल तर फलाटापर्यंतच, पुढे डब्यात चढताना उंची किंवा फट असू शकते. सासूबाईंना ती एक पायरीही जड जाते, म्हणून मी दोन्ही खुणा वेगळ्या टिपून ठेवतेय. विमानतळावरून २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टनला उतरायचं आणि मुक्कामही तिथेच करायचा, असा विचार आहे. एरवी शक्य तिथे बसच. सगळ्या बस लो-फ्लोअर, म्हणजे चढायला पायऱ्या नसलेल्या आहेत, खिडकीतून शहरही दिसतं. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत आणि कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, हे लक्षात घेऊन आई आणि अण्णांसाठी वेगळी कार्डं काढली आहेत. धाकट्याला तिकीट नाही (११ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर फुकट). लेकीसाठी ऑयस्टर कार्ड (तिथल्या बस-रेल्वेसाठी आधी पैसे भरून वापरायचं कार्ड) घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर मुलांची सवलत चढवून घ्यावी लागते, असं वाचलंय. कुणी हे केलंय का? किती वेळ जातो?

पॅडिंग्टनच्या आसपासची बरीच हॉटेलं जुन्या उंच घरांमध्ये आहेत. "लिफ्ट आहे" असं लिहिलेलं असतं, पण दारातच चार पायऱ्या असतात किंवा लिफ्ट अर्ध्या मजल्यावर थांबते. मी दोन ठिकाणी पत्र पाठवून विचारलं. एकाने प्रामाणिकपणे "पायऱ्या आहेत" म्हणून कळवलं, दुसऱ्याचं उत्तरच नाही. अशा वेळी नेमकं काय विचारावं? की सात जणांना स्वयंपाकघरासकट घर घेणंच बरं?

आता अण्णांबद्दल. त्यांना तीन घरं बघायची आहेत, असं ते म्हणतात. हावली प्लेसमधलं १० नंबरचं घर, जिथे लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले. बाहेर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे, आत जाता येत नाही, पण अण्णांना त्या पाटीसमोर उभं राहायचंय. दुसरं १० किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना राहिले ते. महाराष्ट्र शासनाने ते घेऊन तिथे स्मारक केलंय. आणि तिसरं "घर" म्हणजे लॉर्ड्सचं क्रिकेट मैदान! २५ जून १९८३ ची ती रात्र त्यांनी रेडिओला कान लावून जागवली होती. नकाशा बघताना लक्षात आलं की तिन्ही जागा शहराच्या एकाच बाजूला, वायव्येला आहेत. टिळकांचं घर तर पॅडिंग्टनपासून जवळच. सकाळी टिळक, मग लॉर्ड्सची आतली टूर, दुपारी किंग हेन्रीज रोड, असं एका दिवसात बसेल का? लॉर्ड्सच्या टूरमध्ये जिने किती आहेत? आंबेडकर स्मारकात वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे का? त्या दिवशी काळ्या टॅक्सीने फिरू. सगळ्या टॅक्सींना व्हीलचेअरसाठी रॅम्प असतो हे माहीत आहे, पण सात जणांना दोन टॅक्सी लागतील.

मुलांचं सोपं आहे. नॅचरल हिस्टरी म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सुमारे २५ मीटरचा सांगाडा बघायला धाकटा आत्ताच दिवस मोजतोय, आणि तिथे प्रवेश फुकट. आई ठणठणीत आहे, ती मुलांबरोबर ग्रिनिचची टेकडीसुद्धा चढेल.

व्हीलचेअर इथून घडीची न्यावी की तिथे आठ दिवसांसाठी भाड्याने मिळते? आणि याहून अवघड म्हणजे सासूबाई तीत बसतील कशा? "मी काय आजारी आहे का?" हेच उत्तर येणार, शिवाय विहीणबाई तुरुतुरु चालत असताना आपण बसायचं, याचा संकोच. ज्यांनी घरच्या मोठ्यांना राजी केलंय त्यांनी कसं बोललात ते सांगा. मला त्यांचं मन दुखवायचं नाहीये.

शेवटचं, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. या प्रवासात सासूबाईंनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली आहे : कोहिनूर बघायचाय. टॉवर ऑफ लंडनमध्ये राजमातेच्या मुकुटात तो आहे. टॉवर हिल स्टेशनला लिफ्ट आहे, पण आतला रस्ता जुन्या दगडी फरसबंदीचा, आणि मुकुटांसमोर सरकता पट्टा असतो, त्यावर उभं राहून पुढे जायचं. रत्नांच्या इमारतीपुढे रांगेत साधारण किती वेळ उभं राहावं लागतं? दार उघडल्या उघडल्या गेलं तर गर्दी कमी असते का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला पट्ट्यावरून न जाता बाजूला थांबून शांतपणे मुकुट बघता येतो का? आणि रांगेत मध्ये बसायला कुठे जागा आहे का?