पिएर आदो : तत्त्वज्ञान जगायचं की मांडायचं?

इंद्रवज्रा

आमच्या वाचनगटात परवा मार्कस ऑरेलियस वाचत होतो, म्हणजे या रोमन सम्राटाने स्वतःसाठी लिहिलेली तत्त्वचिंतनाची वही. सहाव्या भागात तो लिहितो की उंची दारू म्हणजे द्राक्षांचा रस, आणि सम्राटाचं जांभळं वस्त्र म्हणजे शिंपल्याच्या रक्तात बुडवलेली मेंढीची लोकर. एकजण म्हणाले, "एवढा सम्राट, आणि वहीत नुसती उदासी." मी पिएर आदो या प्राचीन तत्त्वज्ञानाच्या फ्रेंच अभ्यासकाचं नाव काढलं आणि वाद पेटला. तो अर्धाच राहिला, म्हणून इथे मांडते.

माझं मत आधीच सांगते. ग्रीक तत्त्वज्ञान कसं वाचावं हे मला आदोंइतकं कोणी शिकवलं नाही.

आदोंचा जन्म १९२२, पॅरिसचा, वाढले रँसमध्ये. तिन्ही मुलांनी पाद्री व्हावं ही आईची इच्छा. १९४४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, यांना दीक्षा मिळाली. १९५० मध्ये पोपने नव्या विचारांवर वचक बसवणारं आज्ञापत्र काढलं, त्याच वर्षी मेरीच्या सदेह स्वर्गारोहणाचा सिद्धांतही जाहीर झाला. आदोंना ते पटलं नाही आणि १९५२ मध्ये त्यांनी चर्च सोडलं. पुढे पॅरिसच्या एकोल प्रातिक या उच्चशिक्षण संस्थेत अध्यापन. १९८० मध्ये तत्त्वज्ञ मिशेल फूकोने त्यांना कॉलेज द फ्रान्स या मानाच्या संस्थेतल्या प्राध्यापकपदासाठी उभं राहायला सुचवलं आणि १९८२ मध्ये निवड झाली. २०१० मध्ये ते गेले.

त्यांना छळणारा प्रश्न साधा होता. प्राचीन ग्रंथ इतके विस्कळीत का वाटतात? तेच तेच पुन्हा येतं, एका पानाचं दुसऱ्याशी जुळत नाही. अभ्यासक लेखकांना दोष देत. आदोंनी विचारलं, हे कोणासाठी लिहिलंय? शिष्य घडवायला लिहिलेला मजकूर माहिती देणाऱ्या मजकुरासारखा कसा दिसेल? मार्कसच्या वहीत त्यांना एपिक्टेटसने शिकवलेली अभ्यासाची तीन अंगं सापडली (एपिक्टेटस हा स्टोइक, म्हणजे विवेकाने जगावं म्हणणाऱ्या पंथाचा शिक्षक) : आपल्या निर्णयांवर ताबा, इच्छांवर ताबा, आणि माणसांशी वागणं. म्हणजे ते दारूचं वाक्य उदासीचं नाहीच. वस्तूवर आपण चढवलेला मुलामा उतरवायचा तो रोजचा पाठ आहे. अशा पाठांना आदो 'आध्यात्मिक अभ्यास' म्हणतात. १९६१ मध्ये एका इतिहासकाराने मार्कसला अफूचं व्यसन होतं असं या वहीचाही आधार घेऊन ठरवलं होतं! आदोंनी ते खोडून काढलं.

त्यांचा निष्कर्ष असा की प्राचीन काळी तत्त्वज्ञान ही आधी जगण्याची निवड होती, मांडणी त्यानंतर. तुम्हाला काय वाटतं?

दगडूतात्या

मार्कसपुरतं मान्य. पण एका वहीवरून हजार वर्षांच्या परंपरेचा निकाल लावणं मला पटत नाही.

स्टोइक पंथाचा मोठा आचार्य क्रिसिपस याने सातशेहून जास्त ग्रंथ लिहिले असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजिनीस लाएर्शियस सांगतो. त्यांत तर्कशास्त्राचा वाटा प्रचंड. हा माणूस रोज सकाळी मन शांत करण्यासाठी लिहीत होता का? अॅरिस्टॉटलचं 'मेटाफिजिक्स' कुठल्या मनोविकारावरचं औषध आहे?

आणि तुमचा एपिक्टेटसच घ्या. एकाने त्याला म्हटलं, तर्कशास्त्र उपयोगी आहे हे मला पटवून द्या. तो म्हणाला, म्हणजे सिद्ध करून दाखवू? हो म्हणाल्यावर त्याने विचारलं, मग मी तुला फसवतोय की नाही हे तुला कसं कळणार? युक्तिवाद पारखता येत नसेल तर जगण्याची निवड ही नुसती श्रद्धा उरते, आणि श्रद्धेसाठी ग्रीसला जायची गरज नाही. ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक जॉन कूपर यांनी २०१२ च्या पुस्तकात हाच आक्षेप घेतला आहे. तत्त्वज्ञान ही जीवनपद्धती होती हे त्यांनाही मान्य आहे, पण ती जीवनपद्धती म्हणजे विवेकानेच जगणं. तिला ध्यानधारणेची जोड लागत नव्हती. ती जोड फार उशिरा आली. आदोंमधला पाद्री चर्चमधून निघाला, पण जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नेशियस, याचे 'आध्यात्मिक अभ्यास' बरोबर घेऊन निघाला.

इंद्रवज्रा

तात्या, लोयोलाचा मुद्दा आदोंनी स्वतःच आधी उचललाय. त्यांचं म्हणणं उलट आहे : लोयोलाकडे आलेले अभ्यास हेच मुळात ग्रीक-रोमन परंपरेचं ख्रिस्ती रूप. आणि मांडणी नको असं ते कुठेच म्हणत नाहीत. निवडीला कारणं द्यावी लागतात, ती द्यायला मांडणी लागते. एपिक्टेटसचंच दुसरं टोक पाहा : मेंढ्या किती गवत खाल्लं ते धनगराला आणून दाखवत नाहीत, लोकर आणि दूध देतात. क्रिसिपस समजावून सांगता येतो याचा गर्व करणाऱ्यालाही तो झापतो.

पाणवठा

निम्मा वाद शब्दाचा आहे असं मला वाटतं. 'अभ्यास' यासाठी आदोंनी वापरलेला फ्रेंच शब्द मराठीत 'आध्यात्मिक साधना' झाला की संपलंच. डोळ्यांपुढे आसन, माळ, गुरू. कूपर यांचा आक्षेप मराठीत आपोआप दुप्पट खरा वाटू लागतो. मूळ ग्रीक शब्द 'अस्केसिस', आणि तो खेळाडूंच्या मेहनतीलाही वापरत. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे : तालीम. जोर-बैठका रोज मारायच्या, आणि डावही शिकायचे. तालमीत कोणी विचारत नाही की अंग महत्त्वाचं की डाव.

दगडूतात्या

तालीम चालेल. पण मग त्या तालमीतला मुख्य डाव युक्तिवाद आहे, हेही मान्य करा.

सांजवात

मी अभ्यासक नाही. गेल्या वर्षी वडील सात आठवडे अतिदक्षता विभागात होते. मी बाहेरच्या बाकड्यावर मार्कस वाचत होते. मला त्यातला एकही युक्तिवाद आठवत नाही. पण "हे तुझ्या हातात आहे का?" हा प्रश्न रोज स्वतःला विचारायची सवय लागली, आणि डॉक्टरांशी नीट बोलता आलं. तात्यांना हे तत्त्वज्ञान वाटत नसेल, तर निदान एवढं सांगा की मग हे काय होतं?

दगडूतात्या

सांजवात, तुमचा अनुभव मी लहान समजत नाही. माझी भीती वेगळी आहे. असाच आधार देणारं पण खोटं वाक्यही असतं. त्या बाकड्यावर दोन्ही सारखीच कामी येतात. फरक करणारं कोणीतरी लागतंच, आणि ते काम मला प्राणापलीकडे प्रिय वाटतं. वीस वर्षं मी तेच शिकवलं.

इंद्रवज्रा

हा तुमचा सगळ्यांत जोरदार मुद्दा, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच सांगते की आदो स्वतः भुलणाऱ्यांतले नव्हते. १९६३ मध्ये महिनाभर कोंडून घेऊन त्यांनी प्लोटायनस या गूढवादी प्राचीन तत्त्वज्ञावरचं पुस्तक लिहिलं. मग पाव आणायला बाहेर पडले, दुकानातली साधी माणसं पाहिली, आणि त्यांना वाटलं की आपण महिनाभर अशा जगात होतो जिथे जगणंच शक्य नाही. फूकोचे ते ऋणी होते, तरी त्याच्या 'स्व'च्या जोपासनेवर त्यांनी स्पष्ट टीका केली : स्टोइक माणूस स्वतःला सजवत नाही, तो विश्वाचा एक भाग म्हणून स्वतःकडे बघायला शिकतो.

दगडूतात्या

फूकोवरची टीका मला मान्य आहे. आणखी एक मान्य करतो. आदोंचं मला सर्वांत आवडणारं काम तुम्ही धाग्यात घेतलंच नाही. चौथ्या शतकातल्या मारियुस व्हिक्टोरिनुस या ख्रिस्ती विचारवंताच्या लॅटिन ग्रंथांची संहिता त्यांनी पॉल आँरी यांच्याबरोबर सिद्ध केली, १९६० मध्ये ती छापून आली, आणि पॉर्फिरी (प्लोटायनसचा शिष्य) व व्हिक्टोरिनुसवरचा प्रबंध १९६८ ला. एकेक पाठभेद तपासत काढलेली ती वर्षं नसती, तर पुढच्या सुंदर वाक्यांवर मी विश्वास ठेवला नसता.

सांजवात

मी सुरुवात कुठून करू?

दगडूतात्या

त्यांचं १९९२ चं मार्कसवरचं पुस्तक घ्या. इंग्रजीत मिळतं. मार्कसची मूळ वही शेजारी उघडी ठेवा आणि आदोंचं वाक्य प्रत्येक वेळी तिच्याशी ताडून पाहा. जिथे पटणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करा आणि इथे येऊन लिहा.