वॉटरप्रूफ काजळ नळाखाली टिकते, मांडवात काऊन नाही टिकत?

पार्लरवाली_ब्रम्हपुरी
गावात माझं छोटं पार्लर आहे, लग्नसराईत नवरीचा मेकअप करून देते. मे महिन्यात एका पोरीले नवीन वॉटरप्रूफ काजळ लावलं, त्याच्याआधी माझ्याच हातावर लावून दोन मिनिटं नळाखाली धरलं होतं, जरासंही हललं नाही. अन् मांडवात 45 डिग्री, कूलर सारे पाहुण्यांकडे, अक्षता पडेपर्यंत पोरीच्या डोळ्याखाली काळं फासल्यासारखं, फोटोतही तसंच आलं. तिची माय काही बोलली नाही पण मले अजून वाईट वाटून राहिलं. डबीवर 24 तास लिहून आहे. घरीच नीट तपासाचं कसं सांगा ना जी.

केमिस्ट्रीवाली_वर्धा
ताई तुमची टेस्ट चुकली नाही, अर्धी राहिली. या काजळात मेण अन् सिलिकॉनसारखे पदार्थ असतात, त्याचा थर बसला की पाणी आत शिरत नाही, पण तेलानं तोच थर सुटतो. चेहऱ्यावर नुसता घाम थोडीच असते, कातडीचं तेल, तुमचं क्रीम, आदल्या दिवशीच्या हळदीचं तेल, अन् पापणीच्या कडेला तर तेलाच्या ग्रंथीच असतात. वरून नवरी दर पाच मिनिटांनी रुमाल टेकवते. मनगटावर तीन रेघा ओढा, दहा मिनिटं वाळू द्या. एकीवर मिठाचं कोमट पाणी, दुसरीवर खोबरेल तेलाचा एक थेंब, तिसरी कोरडीच. मग तिन्हीवर पांढरा टिश्यू आधी नुसता दाबा, मग एकदा घासा.

रोवणीवाली
सनस्क्रीनचंही असंच. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं अन् सौंदर्यप्रसाधनांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) 2011 मध्ये सनस्क्रीनवर वॉटरप्रूफ लिहाले मनाई केली, तिथं वॉटर रेझिस्टंट लिहून पाण्यात 40 मिनिटं टिकते का 80 मिनिटं तेही सांगा लागते. आम्ही दिवसभर धानाच्या बांधीत वाकून राहतो, घाम पुसला की क्रीम गेलंच, म्हणून मी दर दोन तासानं हात धुऊन पुन्हा लावते.

पार्लरवाली_ब्रम्हपुरी
केलं ताई. मिठाच्या पाण्याची रेघ जशीच्या तशी, कोरडीचाही टिश्यू साफ. तेलाची रेघ नुसतं दाबल्याबरोबर टिश्यूवर पूर्ण उमटली, हातावर भुरकट डाग तेवढा राहिला. म्हणजे त्या दिवशी मीच काजळाच्या आधी डोळ्याखाली क्रीम चोपडलं होतं त्याचंच झालं. आता पुढच्या नवरीले तिथं क्रीम नाही, पावडर लावतो, अन् काजळ वरच्या पापणीलेच. तिलेही आठ दिवस आधी बोलावून हातावर हेच करून दाखवतो.